पाखरांचा वाटा

चि. रूथ हिस,

अनेक आशीर्वाद आणि येशूच्या नावाने सलाम.

तुझा मोठा मेसेज आईने वाचून दाखवला. फोनवर तू 'बरी आहे' यापुढे जात नाहीस, म्हणून कागद काढला. वाचायला वेळ लागला तर लागू दे.

तू लिहिलंस की चर्चमधल्या मुलामुलींचा ग्रुप डोंगरावर जातो, तिथे त्यांना देव भेटतो, आणि सोमवारी सकाळी सूर्योदयाच्या फोटोवर एक वचन येतं. तू मात्र हॉस्पिटलात रात्रपाळी करून पडदे ओढून झोपतेस. उठलीस की खिडकीत अर्धवट बांधलेली इमारत आणि तिच्यावरची क्रेन. सृष्टीत देव दिसत नाही म्हणजे आपल्या विश्वासात काही कमी आहे का, असं तू विचारलंस. नाही गं. त्या फोटोंचा मला राग नाही, पण एक सांगतो, सूर्योदय कुणाकडे काही मागत नाही. म्हणून तो सगळ्यांना आवडतो.

तुझ्या आजोबांना पाखरांचं वचन पाठ होतं. पाखरं पेरत नाहीत, कापत नाहीत, कोठारात साठवत नाहीत, तरी स्वर्गीय पिता त्यांना खायला देतो. ज्वारी हुरड्यात आली की ते वचन म्हणतच गोफण घेऊन माळ्यावर चढायचे. "पेरत नाहीत हे खरं, पण कुणी पेरलंय ते त्यांना बरोबर ठाऊक असतं," म्हणायचे. तेव्हा भोरड्यांचे थवे यायचे, अजूनही येतात. मध्य आशियातून इथवर येणारं पाखरू ते, गुलाबी अंगाचं, काळ्या डोक्याचं. शेकड्यांनी उतरतं आणि घटकाभरात कणसं मोकळी करतं. हेच पाखरू तिकडे पिलांना टोळ आणि नाकतोडे भरवतं, हे मला पुढे शाळेत शिकवायला लागल्यावर कळलं. आजोबांना सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे तिकडची राखण करून इकडं मजुरी घ्यायला येतं होय!"

पण विहिरीकडच्या कोपऱ्यातली ज्वारीची ताटं ते कापत नसत. तिथे गोफणही चालत नसे. बायबलमधल्या लेवीयच्या १९व्या अध्यायात आहे ना, शेताच्या कोपऱ्यापर्यंत सगळं कापू नको, पडलेला सरवा वेचू नको, तो गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू दे. आजोबांनी त्या परक्यांत भोरड्याही धरल्या. शास्त्राचा हा अर्थ कुठल्या पाळकाने सांगितला नव्हता, त्यांनी आपल्या मनाने लावला होता. तुझं नाव जिच्यावरून ठेवलं ती रूथ तरी काय, बवाजाच्या शेतात सातूचा सरवा वेचूनच ती आणि तिची सासू जगल्या. परक्या मुलखातून आलेली विधवा बाई. कुणीतरी कोपरा सोडला होता म्हणून तिच्या पदरात काही पडलं, आणि तिच्या वंशात पुढे दावीद झाला.

मला सृष्टीतला देव दिसतो तो इथे. किती सुंदर आहे असं वाटतं तेव्हा मन प्रसन्न होतं, ते चांगलंच. पण ह्यात दुसऱ्याचाही वाटा आहे आणि तो मी ठरवलेला नाही, हे कळतं तेव्हा मला देणारा कुणीतरी जाणवतो. पवित्र शास्त्रात हे जागोजागी आहे. खळ्यात मळणी करणाऱ्या बैलाला मुसकं बांधू नको. घरटं सापडलं तर पिलांसकट आईला धरू नको. सातव्या वर्षी जमीन पडू दे, जे आपोआप उगवेल ते गरिबांना आणि रानातल्या जनावरांना. निसर्गवर्णन म्हणून हे कुणी भिंतीवर लावत नाही. आपल्याकडे आता बैलाने मळणी कोण करतं, यंत्र तासाभरात शेत उरकतं आणि खाली दाणाही ठेवत नाही.

ईयोबाचं पुस्तक तुला आवडत नाही हे मला माहीत आहे. पण रात्रपाळी करणाऱ्या माणसाने त्याचे ३८ आणि ३९ हे अध्याय वाचावेत. इतकं दुःख सोसलेला तो मनुष्य देवाला जाब विचारतो, आणि देव त्याच्याशी बोलतो रानबकऱ्यांबद्दल, रानगाढवाबद्दल, जमिनीवरच अंडी टाकून जाणाऱ्या शहामृगीबद्दल. मला तरुणपणी ही टाळाटाळ वाटायची. त्यात एक प्रश्न आहे, जिथे माणूस राहत नाही त्या रानावर पाऊस कोण पाडतं? आपल्या कर्जत-श्रीगोंद्याकडच्या माळावर उभं राहिलं की तो प्रश्न बोचतो. सरकारी कागदांत असल्या गवताळ माळाला पडीक म्हणायची रीत, म्हणजे कुणाच्याच कामाचा नाही असा. त्याच माळावर माळढोक पक्ष्याची मादी उघड्यावर बहुधा एकच अंडं घालते. त्याच्यासाठी १९७९मध्ये सोलापूर आणि आपल्या नगर जिल्ह्यात अभयारण्य झालं. पण पाणी आलं, ऊस आला, विजेच्या तारा आल्या. माळढोकाचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात, समोरचं नीट दिसत नाही, आणि अंग जड. तार दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. आता देशभरात दीडशेच्या आतच उरलेत, बहुतेक राजस्थानात. रेहेकुरीच्या अभयारण्यात काळवीट तरी बघायला मिळतात.

मग चिमणीची काळजी घेणारा देव माळढोकाच्या वेळी कुठे गेला? तू हेच विचारशील, आणि वॉर्डातल्या माणसांबद्दलही विचारशील. लूकाच्या शुभवर्तमानात पाच चिमण्या दोन दमड्यांना मिळतात. मत्तयात दोन चिमण्या एका दमडीला. म्हणजे चार घेतल्या की पाचवी फुकट. बाजारात जिची किंमतच लावत नाहीत, तिचाही देवाला विसर पडत नाही, असं प्रभू म्हणतो. चिमणी खाली पडणारच नाही असा शब्द त्याने दिलेला नाही. पडते, पण पित्याशिवाय पडत नाही. मला यापेक्षा जास्त उत्तर येत नाही. पहाटे चार वाजता ज्याच्याजवळ नातेवाईक नाहीत अशा म्हाताऱ्याच्या उशाशी तू बसतेस, तेव्हा ते वचन तुला माझ्याहून जास्त कळत असेल.

१०४वं स्तोत्र वाच. त्यात रात्री सिंहाचे छावे देवाकडे भक्ष्य मागतात, सूर्य उगवला की ते गुहेत जाऊन निजतात, आणि मग माणूस कामाला निघतो. तुमच्या वॉर्डातल्या पाळ्या बदलाव्यात तसं. सकाळच्या पाळीवर आपण, रात्रपाळीवर ते, आणि तूही त्यांच्यातली. जग फक्त आपण जागे असताना चालत नाही, हे त्या कवीला कुठल्याही शिखरावर न जाता कळलं होतं.

तर आता तुझ्या खिडकीकडे बघ. क्रेनवर घार बसत असेल, पुण्यात घारींना तोटा नाही. बांधकामाच्या भिंतीत पिंपळाचं रोप असेल. ते तिथे कुणी लावलेलं नसतं. पाखराने फळ खाल्लं आणि विष्ठेतून बी टाकलं. येशूला पाहायला जक्कय ज्या झाडावर चढला तेही याच गोतातलं, उंबराचा भाऊच. फोटो काढू नकोस. एकच काहीतरी धर आणि रोज ड्युटीहून आलीस की झोपण्याआधी बघ. घार कुठून येते, पाऊस आला की कुठे बसते, कावळे तिच्या मागे का लागतात. त्यावर लगेच वचन शोधायची गरज नाही. प्रार्थनेत तिचं नाव घेतलंस तरी चालेल, मी भोरड्यांचं घेतो. आईला हसू येतं.

आणि ग्रुपवर रागावू नकोस. डोंगर चढून देव भेटत असेल तर भेटू दे, मोशेलाही डोंगरावरच भेटला. फक्त त्यासाठी उपासना चुकवणं मला पटत नाही. रेव्हरंड टिळकांना 'फुलांमुलांचे कवी' म्हणत, रानात रमणारा माणूस, पण उपासना त्यांना परकी नव्हती. मराठी ख्रिस्ती मंडळीसाठी त्यांनी कितीतरी भजनं लिहिली आणि कीर्तनंही केली.

येत्या रविवारी आपल्याकडे कापणीचा सण आहे. जायकवाडी धरणाच्या नाथसागराच्या कडेला पट्टकदंब हंस उतरू लागलेत, हिमालय ओलांडून आलेले, आणि पाणी ओसरलेल्या गाळात पेरणाऱ्यांची त्यांच्याशी भांडणं सुरू झाली आहेत, ती आता हरभरा निघेपर्यंत चालतील. सुट्टी मिळाली तर शनिवारच्या एसटीने ये. आपल्याकडून बाजरीचं पोतं आणि आईचा तो भांडखोर कोंबडा सणाच्या लिलावात द्यायचा आहे. मुंबईहून येणारे पाहुणे दरवर्षी बोली भलतीच वर नेतात, म्हणून यंदा मी सुरुवातच मोठ्या आकड्यापासून करायला सांगितलीय. कोंबडा कुणी घेतला नाही तर तुझ्याबरोबर पुण्याला पाठवीन.

तुझे,
बाबा