दरवेश्याचे अस्वल आठवताना

संपादक महोदय,

जुन्या करमणुकींच्या आठवणी हल्ली मोठ्या आवडीने लिहिल्या जातात आणि त्यांत दारोदार अस्वल घेऊन फिरणारा दरवेशी हमखास असतो. तसा दरवेशी मीही पाहिलेला आहे, म्हणूनच हे पत्र.

आमच्या बोळात डमरू वाजला की आम्ही मुले हातातले टाकून धावत असू. अस्वलाच्या पाठीवर बसवले की मुलाची भीती जाते, अशा समजुतीने आजीने मलाही बसवले होते आणि दरवेश्याने उपटून दिलेले अस्वलाचे दोन केस ताईतात घालून माझ्या दंडाला बांधले होते. त्या अंगाचा उग्र वास आणि नाकाडातून ओवलेली काळपट दोरी मला आजही जशीच्या तशी आठवते. दोरीपाशी जखम ओली होती, तिच्यावर माशा बसत होत्या. दोरीला हिसका बसला की ते मागच्या पायांवर उभे राही आणि त्यालाच आम्ही नाच म्हणत होतो.

त्या दोरीची हकिकत मला फार उशिरा, वाचनातून कळली. आईला मारून पिल्लू पळवायचे, तापवलेल्या सळईने त्याच्या नाकाडाला भोक पाडायचे, सुळे पाडून टाकायचे, अशी ती रीत होती. 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा आला, तरी खेळ चालूच राहिले. 1998 मध्ये केंद्र सरकारने अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांच्या खेळांवर बंदी घालणारी अधिसूचना काढली. सर्कसमालकांनी तिला न्यायालयात आव्हान दिले, पण 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. विष्णुपंत छत्रे यांनी 1880 मध्ये सर्कस उभी केली याचा अभिमान बाळगणाऱ्या महाराष्ट्रात हा निर्णय अनेकांना कडू वाटला असेल. मला तो योग्यच वाटला.

मात्र दरवेश्याला केवळ क्रूर ठरवून आपण मोकळे झालो तर तो अन्याय होईल, कारण पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या घरची चूल त्या दोरीवरच पेटत होती आणि पैसे टाकणारे हात आमचे होते. उत्तरेत अस्वलांचे खेळ करणाऱ्या कलंदर समाजाकडून शेकडो अस्वले सोडवताना त्या कुटुंबांना दुसरा रोजगार मिळवून देण्याचेही प्रयत्न झाले आणि आग्र्याजवळ सोडवलेल्या अस्वलांसाठी आश्रयस्थान उभे राहिले. आपल्याकडच्या दरवेश्यांचे पुढे काय झाले, हे मात्र क्वचितच वाचायला मिळते. पुण्याच्या पेशवे उद्यानातील प्राणी पुढे कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात गेले, ही गोष्ट निदान शहराच्या स्मरणात आहे.

म्हणून माझी विनंती अशी, की अशा आठवणी छापताना आपल्या वार्ताहरांनी हयात असलेल्या वृद्ध दरवेश्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना गाठावे. पिल्लू कुठून येत असे, ते काय खात असे, कोणत्या गावांतून फिरणे होई, बंदीनंतर घर कशावर चालले, हे त्यांच्याच तोंडून लिहून घ्यावे. त्या पिढीतली फार थोडी माणसे आता उरली असतील.

आपला नम्र,
एक ज्येष्ठ वाचक, पुणे