तळ्याकाठच्या पिवळ्या फुलांबद्दल

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

तळ्याच्या काठाला मार्श मेरीगोल्ड लावायचं ठरलं हे फार छान झालं. बाबा, हा झेंडूच्या कुळातला नाही, बटरकपच्या कुळातला आहे. तेव्हा पाण्याचा निचरा होतोय की नाही ही तुमची नेहमीची काळजी या वेळी सोडा. याची मुळं बारा महिने ओली हवीत. काठचा चिखल उत्तम. पाण्यात ठेवलंत तर मातीवर चार-पाच सेंटिमीटर पाणी पुरे.

जाळीदार कुंडी घ्या, तिच्यात जड, चिकण माती भरा आणि वर बारीक खडीचा थर द्या, म्हणजे माती पाण्यात विरघळणार नाही. शेणखत मात्र मुळीच नको. खताचा अंश पाण्यात उतरला की तळं शेवाळानं हिरवंगार होतं. कुंडी काठावरूनच हात पोचेल अशी ठेवा. आणि बाबा, एकट्यानं वाकून ठेवायची नाही. आई, तू तिथे उभी राहा!

थंडी ओसरता ओसरता फुलं येतात. चकचकीत पिवळ्या पाकळ्या दिसतात त्या पाकळ्या नव्हेतच, रंगीत निदलं आहेत, म्हणजे कळीला बाहेरून झाकणारी पानं. त्या दिवसांत बाकी फारसं काही फुललेलं नसतं, त्यामुळे मधमाश्या गर्दी करतात. म्हणून एकेरी फुलाचंच रोप घ्या. डबल फुलाची सगळे वाहवा करतात, पण मला ते गच्च गोंडे आवडत नाहीत, आणि त्यांना बीही धरत नाही.

एकेरीला बी धरतं. शेंगा उकलून वाटीसारख्या पसरतात, पावसाचे थेंब पडले की बिया बाहेर उडतात आणि पाण्यावर तरंगत जातात. पेरायचं तर बी ताजं असतानाच, ओल्या मातीत. सोपं म्हणजे बहर संपल्यावर गड्डा फोडून लावणं. त्या वेळी हातमोजे घाला, चीक कातडीला झोंबतो.

आई, हे खास तुझ्यासाठी. उन्हाळ्यात पानं पिवळी पडतात, कधी भुरी धरते, झाड मेल्यासारखं दिसतं. तुझ्या स्वच्छतेच्या तडाख्यात ते उपटून टाकू नकोस! खराब पानं तेवढी काप, माती ओली ठेव. गड्डा जिवंत असतो, पुढच्या हंगामात पुन्हा फुटतो.

काठावर दुपारी सावली किती वेळ असते ते कळवा, म्हणजे जागा नक्की करू.

तुमची लेक