स्मार्ट हातमोजा: संवेदक वेगळा, स्नायू वेगळा

संपादक महोदय,

गोव्यातील शाळांत कोडिंग-रोबोटिक्स आल्यापासून प्रदर्शनांत ‘स्मार्ट हातमोजा’ हमखास दिसतो. बोटाची हालचाल टिपणारे ताणते कापड शाळेत नक्की जमते. तेच कापड स्नायूसारखे बोट ओढेल, हा दावा मात्र सोबत जोडू नये.

आधी संवेदक, म्हणजे हालचाल टिपणारा भाग (सेन्सर). चांदीचा मुलामा दिलेल्या कापडाचा रोध (विजेला होणारा अडथळा) फारच कमी, म्हणून ते जोडणीला वापरावे. ताण मोजायला कार्बनमिश्रित रबरी दोरी किंवा पट्टी बरी. ती ढिली असताना ४०० आणि ताणल्यावर ९०० ओहम भरते असे धरू. बहुतेक मुले सोबत १० किलो-ओहमचा रोधक लावतात, कारण संचात तोच असतो. मग नियंत्रक बोर्डाच्या ० ते १०२३ या मोजपट्टीवर आकडा जेमतेम ४५ ने हलतो. ढिल्या व ताणलेल्या पट्टीच्या रोधांचा गुणाकार करून वर्गमूळ काढा: ६०० ओहम; रोधक याच्या जवळपासचा हवा. बाजारात मिळणारा ५६० किंवा ६८० चा रोधक लावला की तोच फरक दोनशेच्या वर जातो. पैसा तेवढाच!

कापडावर थेट सोल्डर करू नये, नायलॉन वितळते. तार आधी टिचबटणाला सोल्डर करावी, मग बटण वीजवाहक दोऱ्याने शिवावे. ताणणाऱ्या भागावर झिगझॅग टाकाच हवा. सरळ टाका पहिल्याच ताणात तुटतो. आतून सुती अस्तर द्यावे, नाहीतर आपल्याकडच्या दमट हवेत खारट घाम विजेला समांतर वाट तयार करतो आणि आकडे भरकटतात. घामाने व हवेतल्या गंधकाने चांदी काळवंडते, म्हणून हातमोजा सिलिका जेलच्या (ओलावा शोषणाऱ्या) पुडीसह बंद पिशवीत ठेवावा. ब्लीच अजिबात नको.

ताणताना आणि सोडताना, एकाच लांबीला आकडे वेगवेगळे येतात. हा दोष पदार्थाचाच आहे, प्रोग्रॅम बदलून तो पुरता जात नाही. वापरण्यापूर्वी पट्टी वीसेक वेळा ताणून घ्यावी आणि दरवेळी सुरुवातीला मूठ उघडून-मिटून किमान व कमाल आकडे नव्याने नोंदवावेत.

आता स्नायू. स्वीडनच्या लिन्शोपिंग विद्यापीठातील गटाने २०१७ मध्ये पॉलिपायरोल या वीजवाहक प्लास्टिकचा लेप दिलेले कापडी स्नायू दाखवले: मागावर विणलेल्या कापडात जोर अधिक, होजिअरी विणीत लांबीतला बदल अधिक. ते क्षारयुक्त द्रवात चालत. शाळेला परवडणारा मार्ग म्हणजे मासे गरवण्याची नायलॉनची तंगूस. खाली वजन टांगून, वजन फिरू न देता, वरचे टोक ड्रिलने पिळत राहिले की तिची स्प्रिंग होते. वजन कमी पडले तर गुंता, जास्त झाले तर तंगूस तुटते. तापवल्यावर ती आखडते. पण वेढे एकमेकांना चिकटलेले असतील तर आखडायला जागाच उरत नाही. म्हणून वजनाने ते किंचित उघडे ठेवावे लागतात. इथेच बहुतेक प्रयोग थांबतात. नायलॉन ओलावाही शोषते, त्यामुळे पावसाळ्यात आरंभीची लांबी सरकते.

प्रयोगाला गरम पाणी लागते आणि थंड व्हायला वेळ जातो; त्वचेला तर ४५ अंशांपुढची उष्णता धोक्याची. हा स्नायू हातमोज्यात नको, लाकडी चौकटीवर टांगलेला बरा. शिवाय उष्णतेने शेजारच्या संवेदकाचे आकडेही बदलतात.

परीक्षकांनी दिवे लुकलुकतात की नाही एवढेच न पाहता, ताणतानाच्या आणि सोडतानाच्या आकड्यांचा तक्ता मागावा.

— शालेय विज्ञान प्रकल्पांचे मार्गदर्शक, फोंडा