वश्याचं बोट

पुणे, १२ जून

दिल्या,

दोन दिवाळ्या गेल्या, माझं पत्र नाही. मधे धाडलेलं कार्ड मी धरत नाही, चारच ओळी होत्या. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. गुडघा आहे तसाच, शुगर आटोक्यात.

त्या कार्डाचंच सांगायचंय. माळा आवरताना फोटोंच्या दोन पिशव्या निघाल्या. चांगले केव्हाच अल्बमात गेलेले, उरलेला सगळा गाळ: हललेले, मुंडकी उडालेले, एकाच पंगतीचे चार-चार. रद्दीवाल्याने हात लावला नाही, म्हणाला, हे प्लास्टिक आहे. खरंच होतं, पाठीवर पेनही चालेना. म्हटलं, कार्डं करू. ४ बाय ६ इंची फोटो पोस्टाच्या मापाला, १४ बाय ९ सेंटिमीटरला कापायचा, मागे लग्नपत्रिकेचा जाड कागद. खळ लावली तर वाळून सुटली. फेव्हिकॉलने कार्ड पापडासारखं वळलं. शेवटी पाठ पॉलिश पेपरने घासली आणि पंक्चरवाल्याकडचं सोल्यूशन लावलं. पोस्टातल्या बाई म्हणाल्या, ‘काका, ५० पैशांत मिळतं की!’ (आणि हो, पिनकोड नीट लिहीत जा. पोस्टखात्यातल्या वेलणकरांनी १९७२ साली तो आणला तो तुझ्यासारख्या अक्षरांसाठीच.)

त्या गाळात राजमाचीचा रोल होता, वश्याच्या केबी-टेन कॅमेऱ्यावरचा. अर्ध्या फोटोंच्या कोपऱ्यात तो गुलाबी ढग. त्या कॅमेऱ्यात बघायचं भोक वेगळं नि भिंग वेगळं, त्यामुळे त्याला बोट कधी दिसायचंच नाही, आणि गडी शपथेवर सांगायचा की बोट माझं नव्हेच! मापाला कापताना मी नेमकं तेच उडवलं. कार्डं झकास झाली, ११ जणांना गेलीसुद्धा.

परवा काकूंचा फोन. ‘तुमच्या भटकंतीतला वसंताचा एखादा असला तर दे रे. माझ्याकडे लग्नातलाच आहे, त्यात कसा अवघडलाय बघ.’

रात्रभर पिशव्या उपसल्या. तू आहेस, पोट आत ओढून. उधेवाडीचं कुत्रं आहे. रॉकेलने भिजलेली पोह्यांची पिशवी आहे (बाटलीचं झाकण तूच सैल लावलं होतंस, माझं मत बदललेलं नाही). वश्या एकात नाही. काढणारा तोच, तर येणार कुठून? जेवढा होता तेवढा मी कात्रीने कापून घंटागाडीत घातला.

काकूंना काय सांगू? नाहीच म्हणू? आणि समज, बोटाचा एखादा सापडला, तर तो द्यायचा का? त्यांना थट्टा वाटली तर? की हसतील? तो गेल्यापासून त्या हसल्या की मलाच धडकी भरते. हिला विचारलं, तर म्हणाली, दिलीपभावजींना विचारा. म्हणून हे.

कारण तुझं कार्ड पहिलंच होतं, तेव्हा मापाचं ध्यानात नव्हतं, अख्खा फोटो तसाच चिकटवला होता. तूच फोनवर ओरडलास ना, ‘माझ्या थोबाडावर हे काय आलंय?’ तेच ते. पाकिटात घालून परत धाड. फाडलं असशील तर तेही कळव, मी काही म्हणणार नाही. म्हणेन, पण कळव.

लेकीच्या ॲडमिशनचं झालं ना? छान. तुझ्या बदलीचं काय? वहिनींना नमस्कार.

तुझा,
अव्या

ता. क. फोटो काढून मोबाइलवर टाकू नकोस, काकूंकडे साधा फोन आहे. आणि कार्डामागे मी वश्याला उद्देशून काय लिहिलं होतं ते आठवत नाही. शिवी असेल तर वरून कागद चिकटव. सोल्यूशनने, फेव्हिकॉलने नको.