रात्रशाळेतल्या बाईंना

आदरणीय बाई,

काल नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाचा निकाल लागला. पास झाले. तेव्हापासून फोन येताहेत आणि जो तो एकच म्हणतोय, "तुझी जिद्द मोठी!" जिद्द होती, नाही कशाला म्हणू? पण तुमचं नाव कुणीच घेत नाही, म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितेय.

वडील अंथरुणाला खिळले आणि मी कामाला लागले, तेव्हाही माझ्यात एवढीच जिद्द होती. आधीच्या शाळेत ती कुणाला दिसली नाही. "शिकायचंच असतं तर वेळ काढला असता," असं तिथल्या मुख्याध्यापकांनी आईला सुनावलं. आई एक शब्द न बोलता दाखला घेऊन आली. ते आठवलं की आजही अंगाची आग होते.

तुमच्या वर्गात यायचे ती दिवसभर राबून. एका रात्री बाकावर डोकं टेकलं आणि झोपच लागली. जाग आली तेव्हा माझ्या डोक्यावरची ट्यूबलाइट तुम्ही बंद केली होती. वही उघडी होती, आणि माझं लिखाण जिथं तुटलं होतं तिथून पुढे फळ्यावरचं सगळं तुमच्या अक्षरात उतरवलेलं होतं. शेवटचं गणित मात्र नुसतं मांडलेलं. खाली लिहिलं होतं, "हे तू सोडव."

तुम्ही रागावला नाहीत आणि माझी कीवही केली नाहीत. जे माझ्या हातात नव्हतं तेवढंच उचललंत. गणित माझं होतं, ते माझ्याकडेच ठेवलंत. त्या तीन शब्दांत माझ्यावर जेवढा विश्वास होता, तेवढा तोवर कुणी टाकला नव्हता.

पुढे नर्सिंगला मानसशास्त्र शिकताना एमी वर्नर यांच्या अभ्यासाबद्दल वाचलं. हवाईतल्या कौआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा त्यांनी आणि सहकाऱ्यांनी कित्येक दशकं मागोवा घेतला. गरिबी, घरातली भांडणं, आईवडिलांचे आजार अशा अनेक ओझ्यांखाली वाढलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं चांगली उभी राहिली. त्यांच्या स्वभावाचा त्यात वाटा होताच. पण आजी, शेजारी, शिक्षक असं जीव लावणारं एखादं माणूसही त्यांच्या आयुष्यात वारंवार सापडलं. वाचता वाचता मला तुमचं अक्षर दिसलं. आणि उरलेल्या दोन तृतीयांश मुलांचा विचार मनातून जाईना. त्यांच्यात जिद्द नव्हती, असं कुठल्या तोंडाने म्हणायचं?

साधी माणुसकी किती लांब पोचते, हे ती दाखवणाऱ्याला बहुधा कळतही नाही. तुम्हाला ती रात्र आठवत नसेल. मी ती वही जपून ठेवलीय.

आधीच्या शाळेत माझ्या शेजारी एक मुलगी बसायची. गणितात माझ्याहून कितीतरी हुशार. माझ्या मागोमाग तिचीही शाळा सुटली, तिच्याही घरची तीच तऱ्हा. तिला तुमच्यासारखं कुणी भेटलं नाही. आता मी तिचा पत्ता शोधतेय. सापडली आणि तिची तयारी असली, तर तिला तुमच्याकडे घेऊन येईन. प्रवेशाची मुदत उलटून गेलेली असली, तरी येईन.

तुमची विद्यार्थिनी