टर्बाइनला दोष देण्याआधी हिशोब मांडा

संपादक साहेब, नमस्कार.

परवा आपल्या पेपरात थर्मल पॉवर स्टेशनवर बातमी होती, त्यात छापलंय की कोळशातली निम्म्याहून जास्त उष्णता 'जुनाट टर्बाइन वाया घालवतात' आणि नवीन टर्बाइन बसवली की प्रश्न मिटला. मी टर्बाइन फ्लोअरवर नोकरी करून रिटायर झालोय, त्यामुळे वाचून गप्प बसवेना.

आत गेली तेवढी एनर्जी बाहेर आलीच पाहिजे, एवढाच हिशोब आहे. समजा टर्बाइनमध्ये, म्हणजे वाफेच्या जोरावर फिरून जनरेटर फिरवणाऱ्या यंत्रात, ६० बार (एक बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेचा दाब) आणि ५०० डिग्रीची वाफ आत गेली. स्टीम टेबल (वाफेतल्या एनर्जीचा तक्ता) उघडा, किलोमागे साधारण ३४२० किलोज्यूल. टर्बाइनमधून सुटलेली वाफ थंड करून परत पाणी करणाऱ्या कंडेन्सरमध्ये प्रेशर ०.१ बार असेल तर जराशी ओली झालेली वाफ बाहेर पडते तेव्हा तिच्यात २३५० उरतात, म्हणजे जनरेटर फिरवणाऱ्या शाफ्टला मिळाले १०७०. केसिंग (बाहेरचं आवरण), ग्लँड (शाफ्टभोवतीचं सील), बेअरिंगचं ऑइल यातून जाणारं यापुढे किरकोळ आहे, आणि वाफेचा वेग सेकंदाला १०० मीटर धरला तरी त्या वेगातली एनर्जी किलोमागे ५ किलोज्यूलच होते. मग टर्बाइनने वाया काय घालवलं? अजिबात घर्षण नसलेलं आदर्श टर्बाइन कुठून आणलं तरी याच वाफेतून १२४० च्या वर काही निघत नाही. कोराडीच्या ६६० मेगावॅटच्या सुपरक्रिटिकल (खूप जास्त प्रेशरवर चालणाऱ्या) युनिटचा फायदा आहेच, पण तो मुख्यतः बॉयलरकडून येणारं प्रेशर-टेम्परेचर वाढवल्याचा.

उरलेल्या २३५० पैकी साधारण २०० वाफेचं पाणी झाल्यावर त्या पाण्यासोबत बॉयलरकडे परत जातात, बाकीचे २१५० जातात कंडेन्सर थंड ठेवणाऱ्या पाण्यात. तिथली वाफ असते फक्त ४६ डिग्रीला, उष्णता ढीगभर पण त्यावर चहासुद्धा होत नाही! पुढे ते पाणी गार करायला कूलिंग टॉवरमध्ये नेतात, तिथे त्यातलं काही पाणी वाफ होऊन उडून जातं. याच आकड्यांनी काढा, एका युनिट विजेमागे (म्हणजे ३६०० किलोज्यूल) कंडेन्सरला ७२०० किलोज्यूल, एक लिटर पाणी उडवायला २४०० च्या आसपास लागतात, म्हणजे ढोबळमानाने तीन लिटर. केंद्राच्या २०१५ च्या नियमातही जुन्या प्लांटना युनिटमागे साडेतीन लिटरचीच मर्यादा आहे. परळीचं स्टेशन २०१३ ला आणि परत २०१५ ला बंद ठेवावं लागलं ते पाणी नव्हतं म्हणून, हे मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. आणि मे महिन्यात दुपारी टॉवरचं पाणीच गरम येतं, कंडेन्सरमधला व्हॅक्यूम पडायला लागतो (म्हणजे तिथलं प्रेशर वाढतं आणि टर्बाइनला कमी मिळतं), मग कंट्रोल रूममधून लोड, म्हणजे वीजनिर्मिती, कमी करायचा फोन, तेव्हा कुणी टर्बाइन बदला म्हणत नाही.

आता साखर कारखान्याचं बघा. तिथलं बॅक प्रेशर टर्बाइन तीच वाफ अडीच बारला सोडून देतं, किलोमागे वीज होते ६२० किलोज्यूलच्या आसपास, म्हणजे कमीच, पण उरलेली वाफ १२५ डिग्रीच्या वर असते त्यामुळे ती सरळ उसाचा रस आटवायला जाते, कंडेन्सरला द्यायला जवळपास काही शिल्लक राहत नाही. हे फक्त गळीत हंगामातच जमतं हे मान्य, हंगाम संपला की रसच नाही. तरी को-जनच्या (एकाच वाफेतून वीज आणि उष्णता दोन्ही घेण्याच्या) विजेचा दर ठरवताना नुसती युनिटं मोजतात आणि न उडालेलं पाणी कुठल्याच खात्यात धरत नाहीत, हे मला पटत नाही.

तेव्हा विनंती एवढीच की पुढच्या वेळी कुठल्याही स्टेशनची बातमी देताना मेगावॅटच्या शेजारी युनिटमागे किती लिटर पाणी लागतं तेही छापा.

- एक निवृत्त टर्बाइन ऑपरेटर, जि. बीड