जर्नलवरच्या सह्यांसाठी धडपडणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

खेळाडू पोरांच्या अभ्यासाचं तुम्ही जे बघता, त्याबद्दल आम्ही कोल्हापुरातले क्रीडा शिक्षक आणि वस्ताद मिळून हे पत्र लिहितोय. जाहीर लिहितोय, कारण तुमची पद्धत बाकीच्या कॉलेजांनीही उचलावी असं मनापासून वाटतं.

बीएस्सीच्या पोराचं गणित तुम्हीच आम्हाला मांडून दाखवलंत. चार क्रेडिटच्या विषयाचे ६० तास, ७५ टक्के हजेरीला ४५ हवेत. विद्यापीठाच्या संघात निवड झाली की शिबिराचे १०, प्रवासाचे ४ आणि स्पर्धेचे ५ असे १९ दिवस जातात. आठवड्याला ४ तास धरले तर ११-१२ तास बुडाले. उरलेली तीन-चार तासांची सवड एका तापातच संपते. तरी तास कसेबसे निभतात, प्रॅक्टिकलचं तसं नाही. प्रॅक्टिकल आठवड्यातून एकदाच, म्हणजे तीन प्रयोग राहतात, जर्नलवर, म्हणजे प्रयोगांच्या वहीवर, सह्या होत नाहीत आणि सह्यांवाचून जर्नल सर्टिफाय होत नाही. पोरगं अडकतं ते बहुतेक वेळा इथंच.

तुम्ही नेमकं तिथं बोट ठेवलंत. एकच प्रयोग आठवडाभर वेगवेगळ्या बॅचना चालतो. शनिवारच्या बॅचचा मुलगा गुरुवारी गाडीत बसणार असेल, तर त्याला सोमवारच्या बॅचबरोबर उभा करायचा. आठवडा उलटला की लॅबचे मामा ब्युरेट (द्रावण मोजायची काचेची नळी) धुऊन ठेवतात, द्रावणं ओतून टाकतात. मग एकट्या पोरासाठी सोडियम हायड्रॉक्साइड नव्यानं बनवा आणि त्याची नेमकी तीव्रताही पुन्हा काढा. कारण ते हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतं, जुन्या आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून निवड यादी लागली की त्याच दिवशी तुम्ही लॅबचं वेळापत्रक घेऊन बसता. आम्ही इतकी वर्षं पोरं परत आल्यावर धावायचो.

कागदांचंही तसंच. जाण्याआधी निवडीचं पत्र, प्राचार्यांची परवानगी आणि विभागप्रमुखांची सही. आल्यावर सहभागाचं प्रमाणपत्र आणि प्रवासाची तिकिटं. प्रमाणपत्रावर स्पर्धेच्याच तारखा असतात, शिबिराच्या नसतात. तेवढे १० दिवस गैरहजेरीत जातात. शिबिराचा वेगळा दाखला प्रशिक्षकाकडून तिथंच घ्यायचा, ही तुमची सूचना आम्ही आता प्रत्येक संघ व्यवस्थापकाला लिहून देतो. नावाचं स्पेलिंग मार्कशीटप्रमाणे आणि सोबत पीआरएन, म्हणजे विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक, हेही.

कुस्तीगिरांबाबत तर तुमचे विशेष आभार. पहाटेची मेहनत, मग खुराक, दुपारी झोप, संध्याकाळी पुन्हा आखाडा. झोप तोडून अभ्यास लावला तर दोन्हीकडचं नुकसान. तुम्ही ११ ते १ ही वेळ धरलीत. स्पर्धेत वजन करण्याआधीचे तीन-चार दिवस पोरं पाणी कमी करतात, डोकं दुखतं, वाचलेलं टिकत नाही. त्या दिवसांत चाचणी ठेवायची नाही, हे आम्ही न सांगता तुम्ही ओळखलंत.

आणि नोट्स. फळ्याचे चाळीस फोटो व्हॉट्सअॅपवर आले तर कुणी उघडत नाही. तुमचा एक कागद पुरतो: काय शिकवलं, पान कुठून कुठपर्यंत, कुठली दोन उदाहरणं सोडवायची.

राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून पैलवान खाशाबा जाधवांना ७,००० रुपये दिले आणि खाशाबांनी १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकहून कांस्यपदक आणलं. कोल्हापुरात हे पोरापोराला ठाऊक आहे. तुमच्या त्या एका कागदाकडे बघताना आम्हाला तेच घर आठवतं.

आता पेठांच्या फुटबॉलचा हंगाम येतोय. शाहू स्टेडियमवरचे सामने दुपारचे आणि प्रॅक्टिकलही दुपारचीच. खेळणाऱ्या पोरांची नावं बॅचसकट सोबत जोडली आहेत. या वेळी तुम्ही मागायच्या आधी.

आपले ऋणी,
कोल्हापुरातील कॉलेजांचे क्रीडा शिक्षक आणि वस्ताद